आमचं मिटलंय, आता दाव्याचं काय? दिवाणी दाव्यातल्या तडजोडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना एक वाक्य मी फार वेळा ऐकलंय. "साहेब, आमचं मिटलंय, आता दावा काढून टाका." पहिला अर्धा भाग ऐकून मला खरोखर आनंद होतो. दुसऱ्या अर्ध्या भागाला मात्र मी थांबवतो, खुर्ची पुढे करतो आणि विचारतो, काय मिटलं, किती मिटलं, आणि त्यातलं अजून काय व्हायचं बाकी आहे? पक्षकारांना घाई असते, कारण तारखांना ते कंटाळलेले असतात. पण दहा वर्षांचं भांडण मिटवणारा कागद दहा मिनिटांत लिहिला, तर त्यातूनच पुढचं भांडण उभं राहतं. खालचे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कोर्टांना धरून आहेत.

आपसात मिटलं. आता पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, देऊन दावा काढून घेतला की झालं ना?

बहुतेक वेळा नाही.

मिटलेला दावा संपवण्याच्या मुख्य वाटा तीन. एक, वादीने दावा काढून घ्यायचा. दोन, तडजोड कोर्टात दाखल करून तिच्याप्रमाणे हुकूमनामा, म्हणजे अंमलात आणता येणारा कोर्टाचा निर्णय, घ्यायचा. तीन, लोकअदालतीत निवाडा करून घ्यायचा. तिन्हींमध्ये दावा बोर्डावरून जातो, म्हणून पक्षकारांना तिन्ही सारख्याच वाटतात. फरक कळतो तो समोरचा शब्दाला जागला नाही तेव्हा.

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. धाकट्या भावावर पैशांचा दावा होता. गावच्या पंचांसमोर सहा लाखांवर मिटलं, तीन हप्ते ठरले, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी झाली. पहिला हप्ता हातात पडला त्याच आठवड्यात त्यांनी कोर्टात "बाहेर तडजोड झाली असल्याने दावा काढून घेत आहे" अशी दोन ओळींची पुरसिस दिली. दुसरा हप्ता उशिरा आला, तिसरा आलाच नाही. आता हातात काय? हुकूमनामा नाही, म्हणून त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त, लावता येत नाही. जुना दावा पुन्हा घालता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २३, नियम १ प्रमाणे परवानगी न घेता दावा सोडला, तर त्याच कारणासाठी पुन्हा दावा चालत नाही. उरला तो नोटरी केलेला करार. त्यावर नव्याने दावा, नवी कोर्ट फी, नव्या तारखा. हेच सहा लाख आणि हेच तीन हप्ते आदेश २३, नियम ३ खाली हुकूमनाम्यात आले असते, तर तिसरा हप्ता चुकल्यावर त्यांना थेट वसुलीची दरखास्त करता आली असती.

म्हणून माझा नियम असा: तडजोडीतली एकही गोष्ट पुढे व्हायची असेल, तर दावा काढून घेऊ नका, हुकूमनामा घ्या.

मग दावा नुसता काढून घेणं योग्य कधी?

सगळं होऊन गेलेलं असेल तेव्हा. रक्कम बँकेत जमा झाली, ताबा मिळाला, रस्ता मोकळा झाला, दोघांनीही एकमेकांकडून काही घ्यायचं-द्यायचं उरलं नाही, तर काढून घ्या. त्याला कोर्टाच्या कारणमीमांसेची गरज नाही, वादीचा तो हक्क आहे. मात्र वादी एकापेक्षा जास्त असतील, तर एकाला बाकीच्यांच्या संमतीशिवाय दावा सोडता येत नाही.

काही वेळा वकील "नव्याने दावा करण्याची मुभा ठेवून" काढून घेण्याचा अर्ज देतात. ही मुभा मागितली म्हणजे मिळते असं नाही. दाव्यात औपचारिक दोष आहे किंवा इतर पुरेसं कारण आहे, याबद्दल कोर्टाची खात्री व्हावी लागते. मुभा मिळाली तरी मुदतीचं घड्याळ थांबत नाही. पहिला दावा झालाच नव्हता असं धरूनच मुदत मोजतात. तीन वर्षांची मुदत दाव्यातच संपून गेली असेल, तर ती मुभा कागदावरच राहते.

प्रतिवादीने त्याच दाव्यात माझ्यावर उलट दावा, म्हणजे प्रतिदावा, केला आहे. मी माझा दावा काढला तर तोही जातो का?

जात नाही. आदेश ८, नियम ६-ड प्रमाणे वादीचा दावा काढून घेतला, थांबला किंवा फेटाळला गेला तरी प्रतिदावा पुढे चालतो. त्यामुळे आपण घरी निवांत बसायचं आणि प्रतिदावा मात्र आपल्या गैरहजेरीत पुढे सरकायचा, असं होऊ शकतं. तडजोडीत प्रतिदाव्याचं काय होणार, ते स्वतंत्र कलमात लिहा.

तडजोड पुरसिस दाखल केल्यावर कोर्टात नेमकं काय घडतं?

तडजोड लेखी असायला हवी आणि तिच्यावर पक्षकारांच्या सह्या हव्यात. पूर्वी हे शब्द कायद्यात नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने ते आले आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाले. गुरप्रीत सिंग विरुद्ध चतुरभुज गोयल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की वकिलांनी उभं राहून तोंडी सांगितलेल्या तडजोडीवर हुकूमनामा होत नाही. याच दुरुस्तीने आणखी एक मोठी सोय केली: तडजोड दाव्याच्या विषयाबाहेरच्या गोष्टींवरही करता येते. दावा बांधाचा असला, तरी त्याच तडजोडीत विहिरीच्या पाळ्या आणि गोठ्याची भिंतही मिटवता येते.

प्रत्यक्षात पक्षकार पुरसिस घेऊन हजर राहतात, ओळखपत्रं दाखवतात, वकील त्यांची ओळख पटवतात. न्यायाधीश विचारतात, "वाचली का? समजली का? कुणाचा दबाव नाही ना?" मग पुरसिसीला निशाणी, म्हणजे कागदाचा क्रमांक, पडते आणि तडजोडीप्रमाणे हुकूमनामा तयार करण्याचा आदेश होतो. मुंबईत याच कागदाला सगळे "कन्सेंट टर्म्स" म्हणतात. विभाग वेगळा, कागद तोच.

न्यायाधीशांच्या त्या प्रश्नांना पक्षकार पटकन "हो" म्हणून मोकळे होतात. माझी विनंती आहे, की तो कागद आदल्या दिवशी घरी न्या, घरात मोठ्याने वाचा. माझ्या एका अशिलाच्या सुनेने असाच कागद वाचताना पूर्व-पश्चिम उलटी झाल्याचं पकडलं. आम्हा दोन्ही वकिलांच्या नजरेतून ते सुटलं होतं.

तडजोडीत काय लिहावं?

याच प्रश्नात सगळं आहे.

"दोन्ही पक्ष गुण्यागोविंदाने राहतील", "एकमेकांच्या वहिवाटीला अडथळा करणार नाहीत", "ठरल्याप्रमाणे रक्कम देतील" ही वाक्यं चांगली आहेत, पण त्यांची अंमलबजावणी कशी करायची ते बेलिफाला, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या कर्मचाऱ्याला, कळत नाही. दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही, त्यात नवं काही भरत नाही. त्यामुळे प्रत्येक कलम लिहिताना स्वतःला विचारा, की पाच वर्षांनी मी किंवा माझा वकील हयात नसताना, हा कागद हातात घेऊन एखादा अनोळखी बेलिफ शेतावर गेला, तर त्याला काय करायचं ते कळेल का?

पैसे असतील तर एकूण रक्कम आकड्यात आणि अक्षरात, प्रत्येक हप्त्याची तारीख, कोणत्या खात्यात, आणि एक हप्ता चुकला तर पुढे काय. "एकही हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम तात्काळ देय होईल आणि त्यावर अमुक टक्के व्याज लागेल" हे कलम नसेल, तर हप्ता चुकल्यावर फक्त तेवढ्याच हप्त्याची वसुली करत बसावं लागतं. दुसऱ्या टोकाला जाऊन "एक दिवस उशीर झाला तर तिप्पट रक्कम" असं लिहू नका. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ चा आधार घेऊन समोरचा त्याला दंड म्हणेल, आणि वाद पुन्हा सुरू होईल.

जमीन असेल तर गट क्रमांक, हिस्सा, हेक्टर-आर मधलं क्षेत्र आणि चतुःसीमा. शक्य असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, तो नकाशा तडजोडीला जोडा आणि "सोबतचा नकाशा या तडजोडीचा भाग आहे" असं लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. "उत्तरेकडचा अर्धा हिस्सा" म्हणजे कुठपर्यंत, यावर सख्ख्या भावांची डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. रस्ता असेल तर किती फूट रुंद, कोणत्या बांधाने, बैलगाडीचा की ट्रॅक्टरचा. विहीर असेल तर पाळीचा वार, पंपाचं वीजबिल कोण भरणार, गाळ काढायचा खर्च कुणाकडे.

दोन्ही बाजूंनी काही करायचं असेल, तर आधी कुणी करायचं ते लिहा. "वादीने रक्कम स्वीकारल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादी ताबा देईल" हे वाक्य "रक्कम दिली जाईल व ताबा दिला जाईल" यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. आणि या दाव्याखेरीज दोघांमध्ये चालू असलेल्या इतर सगळ्या प्रकरणांचे क्रमांक लिहून, त्यातल्या प्रत्येकाचं काय होणार ते सांगा.

माझ्याऐवजी वकिलांनीच सही केली तर?

बायराम पेस्तनजी गारीवाला विरुद्ध युनियन बँक ऑफ इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की अधिकार असलेला वकील पक्षकारासाठी तडजोडीवर सही करू शकतो. तरीही वकिलाला अशिलाची स्पष्ट सूचना लागतेच. मी स्वतः अशिलाच्या सहीशिवाय तडजोड दाखल करत नाही. त्याला थोडा वेळ जास्त लागला तरी चालेल, पण "मला माहीतच नव्हतं" हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही.

एक भाऊ अमेरिकेत आहे. त्याची सही कशी घ्यायची?

कुलमुखत्यारपत्राने, आणि त्यात "तडजोड करण्याचा, तडजोडीवर सही करण्याचा व हुकूमनामा घेण्याचा अधिकार" हे शब्द स्पष्ट हवेत. नुसतं "दावा चालवण्यासाठी" दिलेलं मुखत्यारपत्र पुरत नाही. ते तिथे नोटरी करून अपोस्टिल (दस्त खरा असल्याचं तिथलं सरकारी प्रमाणपत्र) करता येतं किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात करता येतं. इकडे आल्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. लिफाफा कपाटात ठेवून विसरू नका. शिवाय व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने भावाला कोर्टापुढे उभं करून "मान्य आहे" म्हणवून घेता आलं, तर जरूर घ्या. वेळेचा फरक आहे, म्हणून तारीख सकाळच्या सत्रात मागा.

वाटपाच्या दाव्यात बहिणींच्या सह्या लागतातच का? त्या म्हणतात, आम्हाला काही नको.

लागतात. आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच, २२ जून रोजी, हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना सहदायाद, म्हणजे कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार, मानलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलीचा हक्क जन्माने आहे, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपं तेवढी सुरक्षित आहेत.

तरीही दोन भाऊ आपसात दावा लावतात, बहिणींना पक्षकारच करत नाहीत, आठ दिवसांत तडजोड होते आणि सातबारा दोघांच्या नावावर. असा हुकूमनामा बहिणींवर बंधनकारक नसतो. पुढे विक्री करताना खरेदीदाराचा वकील हे पाहतो आणि व्यवहार अडतो. तेव्हा बहिणीच्या दारात जावं लागतं, आणि तेव्हा ती "काही नको" म्हणण्याच्या मनःस्थितीत नसते.

बहिणीला खरंच काही नको असेल, तर तिने ते स्वतः, कोर्टात, समजून सांगावं. तिला आधी तिचा हिस्सा किती होतो ते आकड्यात कळलं पाहिजे. मी त्यांना स्वतंत्र वकील घ्यायला सांगतो. अनेकदा हे ऐकून भाऊ नाराज होतात. पण माझ्या अनुभवात, हिस्सा नीट कळल्यावर बऱ्याच बहिणी थोडीशी रक्कम किंवा माहेरच्या घरात एक खोली मागतात, आणि ती मागणी मान्य झाली की कुटुंब जोडलेलं राहतं.

पक्षकारांमध्ये अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेलं, मूल असेल तर?

आदेश ३२, नियम ७ प्रमाणे पालकाला कोर्टाची स्पष्ट परवानगी घ्यावी लागते, ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, नमूद व्हावी लागते. अर्जासोबत पालकाचं शपथपत्र आणि, वकील असेल तर, ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असं वकिलाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे केलं नाही तर तडजोड अज्ञानाच्या इच्छेने रद्द होऊ शकते. इतर पक्षकारांना मात्र ती सोडता येत नाही.

लोकअदालतीत मिटवावं की कोर्टात?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या प्रकरणात ठरल्याप्रमाणे त्याला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली, आणि तेही अगदी मर्यादित कारणांवर. शिवाय भरलेली कोर्ट फी परत मिळते. पैशांचे, भाड्याचे, बँकेचे दावे यांना लोकअदालत फार सोयीची.

वाटपाचे आणि जमिनीचे गुंतागुंतीचे दावे मात्र मी लोकअदालतीच्या दिवशी घाईने लिहायला तयार होत नाही. त्या दिवशी पॅनलसमोर रांग असते, दोन्हीकडचे लोक उभे असतात, आणि कागद लिहायला शांतता नसते. मसुदा आठवडाभर आधी तयार ठेवून लोकअदालतीत फक्त दाखल करायचा असेल, तर काहीच हरकत नाही.

कोर्ट फी परत मिळते का?

मिळते, पण किती ते वाटेवर अवलंबून आहे. संहितेच्या कलम ८९ खाली कोर्टाने प्रकरण मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीकडे पाठवलं आणि तिथे मिटलं, तर पूर्ण फी परत मिळण्याची तरतूद आहे. आपसात, बाहेर मिटलं, तर महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे, पुरावा नोंदवण्याआधी तडजोड झाली असेल तर अर्धी फी परत मिळते. हा अर्ज तडजोडीपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालय विरुद्ध एम. सी. सुब्रमणियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या कायद्याचा अर्थ लावताना, खासगीरीत्या मिटवणाऱ्यांनाही परताव्याचा तोच लाभ द्यायला हवा असं म्हटलं. आमच्याकडे पूर्ण परतावा मागताना वकील याचा आधार घेतात.

महाराष्ट्रात २०१८ पासून कोर्ट फीची कमाल मर्यादा दहा लाख रुपये आहे, म्हणजे मोठ्या दाव्यात हा परतावा किरकोळ नसतो. स्त्रियांना १ ऑक्टोबर १९९४ पासून मालमत्ता, पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. ज्यांनी ती भरलीच नाही, त्यांच्याबाबत परताव्याचा प्रश्न येत नाही. परताव्याच्या विनंतीचं एक वाक्य पुरसिसीतच घाला.

तडजोडीच्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते का? मुद्रांक शुल्क?

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७(२)(सहा) प्रमाणे साधारण नियम असा: दाव्यात होती त्याच स्थावर मिळकतीबद्दल तडजोड असेल, तर नोंदणीची गरज नाही. दाव्याबाहेरची जमीन त्यात आणली, तर नोंदणी हवी. भूप सिंग विरुद्ध राम सिंग मेजर या निकालाने त्यात भर घातली: जो हक्क आधी नव्हताच, तो तडजोडीतून नव्याने निर्माण केला असेल तर नोंदणी लागते. आधीपासूनचा हक्क फक्त मान्य केला असेल तर लागत नाही. नोंदणी करायची असेल तर हुकूमनाम्यापासून चार महिन्यांच्या आत करावी.

मुद्रांक शुल्क हा वेगळा विषय, आणि लोक दोन्ही एकत्र करतात. रूबी सेल्स अँड सर्व्हिसेस विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मिळकत हस्तांतरित करणारा तडजोडीचा हुकूमनामा हा दस्तच आहे आणि त्यावर अभिहस्तांतरणाचं, म्हणजे मालकी हस्तांतराचं, शुल्क लागू शकतं. वाटपाच्या अंतिम आदेशालाही शुल्क आहे. म्हणजे मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखताऐवजी खोटा दावा लावून तडजोड करण्याची जी युक्ती कानावर येते, तिच्या नादी लागू नका. तडजोड कायदेशीर आहे याची खात्री करणं हे कोर्टाचं काम आहे, आणि हल्ली कोर्टं ते काळजीपूर्वक करतात.

हुकूमनामा झाला. सातबारावर नाव कसं येईल?

आपोआप येत नाही. प्रमाणित नक्कल घेऊन गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या तलाठी कार्यालयात, अर्ज करा. नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. शेतसारा असलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणून त्या हुकूमनाम्यात तशी सूचना आहे ना, ते पाहा. तुकडेबंदीच्या मर्यादेखालचे तुकडे किंवा शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देणं अशा गोष्टी तडजोडीत लिहून वैध होत नाहीत.

समोरचा ठरल्याप्रमाणे वागत नाही. आता?

हुकूमनामा असेल तर दरखास्त. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे साधारणपणे बारा वर्षांची मुदत आहे. पण "अमुक भिंत पाडून टाकावी" अशा, काही करायला लावणाऱ्या मनाईहुकुमाची दरखास्त तीनच वर्षांत करावी लागते. ही तीन वर्षं फार लोकांनी हातची घालवली आहेत.

पैसे देणाऱ्यांसाठीही एक इशारा. हुकूमनाम्यानंतर बाहेर परस्पर दिलेली रक्कम आदेश २१, नियम २ प्रमाणे कोर्टात नोंदवून घ्या. नाही नोंदवली, तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती मानत नाही. घेणारा नोंदवत नसेल, तर देणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. रोख देऊ नका. बँकेतून द्या, आणि पावतीवर दाव्याचा क्रमांक घाला.

समोरच्याने तडजोडीवर सही केली, पण हुकूम व्हायच्या आधीच तो ती नाकारतोय.

एक पक्ष तडजोड झाली म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो, तर झाली की नाही हे त्याच कोर्टाने ठरवायचं, अशी आदेश २३, नियम ३ च्या परंतुकात (नियमाला जोडलेल्या अटीत) तरतूद आहे. "मन बदललं" हे कारण पुरेसं नाही.

माझ्याकडून फसवून सही घेतली. अपील करू का?

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे अपील नाही, आणि तडजोड बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावाही आदेश २३, नियम ३-अ प्रमाणे चालत नाही. पुष्पादेवी भगत विरुद्ध राजिंदर सिंग या निकालात ही वाट स्पष्ट केली आहे: ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, त्याच कोर्टात अर्ज करा. फसवणूक किंवा जबरदस्ती नेमकी कशी झाली ते तपशिलात लिहा, आणि उशीर करू नका. इथेही घरी कागद मोठ्याने वाचण्याचं महत्त्व कळतं.

याच भांडणातून फौजदारी केसही आहे. तीही आपोआप मिटेल का?

नाही. चेक न वटल्याची केस पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४७ खाली त्याच कोर्टात मिटवावी लागते. मारहाण, शिवीगाळ असे काही गुन्हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ खाली आपसात मिटवता येतात. जे गुन्हे तसे मिटवता येत नाहीत, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. पण "फिर्यादी साक्ष देणार नाही" असं दिवाणी तडजोडीत लिहू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि त्या एका वाक्याने सगळी तडजोड अडचणीत येते.

हुकूम व्हायच्या आधीच एक पक्षकार वारला.

९० दिवसांच्या आत वारस रेकॉर्डवर आणा. सही झालेली होती म्हणून निवांत राहू नका. वारसांनी नव्याने सह्या केल्या, तर सगळ्यात चांगलं.

प्रकरण अपिलात आहे. तिथे तडजोड होते का?

होते, हेच नियम अपिलालाही लागतात. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या लोकांना उच्च न्यायालयातल्या तडजोडीवर सह्या करायला आधी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांची मोठी दगदग वाचली आहे.

गोव्यातल्या मिळकतीसाठी काही वेगळं?

हो. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या नियमांप्रमाणे पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक असते आणि स्थावर मिळकत एकट्याला देता येत नाही. म्हणून तडजोडीत नवरा-बायको दोघांच्याही सह्या हव्यात, दाव्यात एकाचंच नाव असलं तरी.

दावा संपला. मनाईहुकूम, कोर्टात भरलेली रक्कम यांचं काय?

तात्पुरता मनाईहुकूम दाव्याबरोबर संपतो. तो पुढे हवा असेल तर तडजोडीतच कायम मनाईचं कलम घ्या. कोर्टात जमा असलेली रक्कम कुणी काढायची ते पुरसिसीत लिहा, नाहीतर वेगळा अर्ज करून कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या नाझरच्या टेबलापर्यंत खेपा घालाव्या लागतात. विशेषतः मुंबईत दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवलेली असते. दावा संपल्याची नोंद तिथेही करून घ्या, नाहीतर पुढच्या खरेदीदाराच्या शोधात ती वर येत राहते.

शेवटी कोणते कागद जपून ठेवायचे?

हुकूमनाम्याची, तडजोड पुरसिसीची आणि त्या दिवशीच्या रोजनाम्याची प्रमाणित नक्कल. तिन्हींचा अर्ज त्याच आठवड्यात करा, कारण काही वर्षांनी दप्तर रेकॉर्ड रूममध्ये गेल्यावर नक्कल मिळायला वेळ लागतो. दाव्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक) कागदाच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा. त्यावरून ई-कोर्टच्या ॲपवर आदेश पुन्हा शोधता येतो. आणि एक संच बहिणीकडे द्या.